गॅडोलिनियमवाले सर

सरांच्या मते रत्नागिरीत हवा नव्हतीच.

"ही हवा नव्हे मॅडम, हे पातळ केलेलं पाणी आहे," ते म्हणायचे. "आपण सगळे त्यात पोहतो, आणि समजतो की चालतोय."

बोलता बोलता ते खिशातून काचेची एक चपटी कुपी काढून उजेडात धरायचे. कुपीत सिलिका जेलचे दाणे असत. कोरडे असले की हे दाणे निळे दिसतात, ओल शोषली की गुलाबी होतात. सर रोज सकाळी भाभींच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, तव्यावर ते दाणे भाजून निळेशार करत आणि कुपीत भरून, बूच न लावता, स्कूटरवरून कॉलेजला निघत. भाट्याचा पूल ओलांडून गावात येईपर्यंत दाणे जांभळट झालेले असत आणि कॉलेजच्या पायऱ्या चढेपर्यंत गुलाबी. सर कुपीकडे पाहून मान हलवत. "आज नाही," एवढंच म्हणत आणि वर्गावर जात. माणसं घड्याळ बघतात तसे ते कुपी बघत. मुलांना त्याची इतकी सवय झाली होती की जिन्यात कुणी ना कुणी विचारायचंच, "सर, आज?" आणि सर म्हणायचे, "आज नाही रे."

काय आज नाही, ते फारच थोड्यांना ठाऊक होतं.

मी मंगळवेढ्याकडची. अठ्ठ्याण्णव साली रसायनशास्त्र शिकवायच्या जागेसाठी मुलाखतीला आले, तेव्हा समुद्र आयुष्यात पहिल्यांदा पाहिला होता आणि अंगावरची साडी सकाळपासून दमट लागत होती. समितीतल्या बाकीच्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले. टोकाला बसलेले हे गृहस्थ, उंच, गोरे, पिकल्या दाढीचे, तोवर गप्प होते. विभागप्रमुख तेच होते, हे मला मागाहून कळलं. शेवटी ते उठले, एक बाटली माझ्यासमोर धरून त्यांनी बूच क्षणभर उघडलं आणि बंद केलं.

"कशाचा वास?"

"अमोनियाचा. अगदी पुसट," मी म्हटलं. मग राहवेना म्हणून पुढे बोलले, "आणि खोबरेल तेलाचा."

त्यांनी स्वतःचा तळहात पाहिला, डोक्यावरून फिरवला आणि पहिल्यांदाच हसले. मग विचारलं, "तुमच्या गावी मीठ ओलं होतं?"

"मीठ? ते कशानं ओलं होईल?"

सरांनी डोळे मिटून घेतले. "पुन्हा एकदा सांगा."

समितीतले लोक एकमेकांकडे बघू लागले. मी पुन्हा सांगितलं. आमच्याकडे मीठ बरणीतून वाळूसारखं पडतं. पापड उघडा राहिला तरी दोन दिवस कुरकुरीत राहतो. हिवाळ्यात दोरीवरचं धोतर वाळून लाकडासारखं ताठ होतं. सर डोळे मिटूनच ऐकत होते, एखादा माणूस तंबोऱ्याचा सूर ऐकतो तसे. नोकरी मला मिळाली. माझ्या पदवीमुळे मिळाली असं मी घरी सांगितलं, पण मला खरं कारण माहीत होतं. नाक.

सरांना वास येत नसे. तरुणपणी मुंबईत संशोधन करत असताना ब्रोमीनचा फ्लास्क तोंडासमोर फुटला होता. डोळे वाचले, नाक गेलं. आणि पुढच्या साऱ्या आयुष्यात त्यांना जे एकच काम करायचं होतं, त्याला नाकाची फार गरज होती.

ते काम म्हणजे गॅडोलिनियम नायट्राइड.

हे नाव ऐकून पहिल्यांदा मीसुद्धा पुस्तक काढून बघितलं होतं. गॅडोलिनियम हा दुर्मिळ मृदा धातूंपैकी एक. चांदीसारखा दिसतो. सरांकडे त्याचा अंगठ्याएवढा तुकडा होता. सरांनी मुंबई सोडली तेव्हा त्यांच्या संशोधनातल्या गाईडनं दिलेला. तो ते घरच्या फ्रीजमध्ये, बांगडे मासळीच्या डब्याशेजारी ठेवत. पाहुणा आला की भाभी चहा टाकायच्या आणि सर फ्रीज उघडायचे. थंडगार तुकडा लोहचुंबकाला लावायचे. तो टपकन चिकटायचा. मग सर पाहुण्याला म्हणायचे, "आता त्याला हाताची ऊब द्या." पाहुणा तळहात लावायचा. थोड्या वेळानं तुकडा आपोआप सुटून त्याच्या हातात पडायचा.

"थंड असला की चुंबकाचा, ऊब मिळाली की तुमचा," सर म्हणायचे. हे त्यांनी शेकडो वेळा केलं असेल, पण तुकडा सुटायच्या क्षणी त्यांचा चेहरा दर वेळी त्या पाहुण्याइतकाच चकित होई.

या धातूला भट्टीत घालून तापवायचं, लालभडक उष्णतेला त्यावरून अमोनिया वायू सोडायचा, म्हणजे धातू त्यातला नायट्रोजन घेतो आणि काळी पूड तयार होते. तेच नायट्राइड. त्यातल्या अणूंची मांडणी हुबेहूब मिठासारखी, एक हा, एक तो, चौकटीत. आणि फार फार थंड केलं, फ्रीजच काय, बर्फाच्याही कितीतरी खाली नेलं, तर तेही चुंबक बनतं. निदान सरांचं म्हणणं तसं होतं. तीसेक वर्षांपूर्वी त्यांनी मुंबईत ते बनवलं, मोजलं आणि तसं सांगितलं. दुसरीकडच्या लोकांच्या मोजणीत मात्र ते चुंबक नव्हतं. त्यांच्या गाईडनं नमुना बघितला आणि हळूच म्हटलं, "यात ऑक्सिजन शिरलाय. ही मोजणी धरता येणार नाही. पुन्हा शुद्ध बनव."

पुन्हा बनवायच्या आत वडील आजारी पडले. जहाजावर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, असलेले वडील आता घरी पडून, दोन्ही भाऊ आखातात. घरी थांबायला कुणीच नाही म्हणून सर भाट्याला परत आले, आणि राहिले. राहिले ते जगातल्या सर्वांत दमट किनाऱ्यांपैकी एकावर. कारण या नायट्राइडचा एकच शत्रू आहे. ओल. दमट हवा लागली की ते हळूहळू विरतं, त्यातला नायट्रोजन अमोनिया होऊन उडून जातो आणि मागं उरते नुसती पांढुरकी राख.

"तुम्ही गावच चुकीचं निवडलंत सर," मी एकदा म्हटलं.

"गाव कुठं निवडता येतं मॅडम," ते म्हणाले. "निवडलं असतं तर तुमचं निवडलं असतं."

त्यांच्या घरामागं माडांच्या सावलीत एक खोपी होती. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, कौलांच्या फटी डांबरानं बुजवलेल्या. आत त्यांनी स्वतः गुंडाळलेली विजेची भट्टी होती आणि तिच्यातून आरपार गेलेली चिनीमातीची पांढरी नळी. हवा उपसायला जुन्या फ्रीजचा कॉम्प्रेसर. अमोनिया खाडीपलीकडच्या बर्फाच्या कारखान्यातून छोट्या सिलिंडरमध्ये भरून आणलेला. तो वाळवायला चुनकळीनं भरलेली उभी नळी. धातूचा कीस ज्या छोट्या भांड्यात ठेवून नळीत सरकवतात, त्याला रसायनशास्त्रात 'बोट' म्हणतात. बोटभर लांबीची होडीच ती.

"आमच्या आजोबांनी गलबत बसऱ्याला नेलं," सर ती होडी चिमट्यात धरून सांगत. "वालिद बोटीवरून सगळं जग फिरले. मी ही होडी घेऊन एक वीत आत जातो. पण मॅडम, जिथं ही जाते, तिथं आमच्या घरातलं कोणी गेलं नव्हतं."

रविवारी मी तिकडे जायची. माझं काम नळीच्या प्रत्येक सांध्याजवळ नाक नेऊन सांगायचं, गळती आहे की नाही. नळीतून बाहेर पडणारा अमोनिया पाण्याच्या बादलीत बुडवलेल्या तोंडातून बुडबुड करत विरून जाई. खोपीत वास यायला नको. आला, म्हणजे सांधा सैल. सर माझ्या तोंडाकडे बघत उभे राहत. मी "नाही" म्हटलं की सुटकेचा श्वास टाकत. भट्टी तापली की नळीच्या टोकाला बसवलेल्या काचेतून आत बघायचं. आधी अंधार, मग गडद लाल, मग नारिंगी. त्या नारिंगी बोगद्याच्या मध्यावर ती होडी तरंगत असल्यासारखी दिसे. बाहेर माडाच्या झावळ्या सळसळत, खाडीवर कुणीतरी होडीतून हाका मारत जाई, आणि आत सर काचेला डोळा लावून हलक्या आवाजात बोलत. माझ्याशी, की होडीशी, ते कळत नसे. कधीकधी मलाही वाटे, आपण दोघं एका फार लांबच्या, फार कोरड्या, फार तापलेल्या देशाच्या किनाऱ्यावर उभे आहोत आणि ती होडी परत यायची वाट बघतोय.

होडी परत यायची. पण नमुना दर वेळी कुठंतरी फसायचा. कधी काढताना हवा लागे, कधी काचेच्या नळीत बंद करताना सूक्ष्म भोक राही. मग काही दिवसांत काळी पूड करडी पडू लागे. सर तिला "म्हातारी झाली" म्हणत. अंगठ्याएवढा तुकडा असा किसून किसून नखाएवढा उरला.

भाभींनी ती पूड कधी नीट पाहिलीच नव्हती. त्या म्हणायच्या, "बाय, माझी सवत हाय ती. ह्यांना रातभर झोपू देत नाय, पन गोषात ऱ्हाते. मला तोंड दाखवत नाय."

थंडीतली एक सकाळ मला अजून स्वच्छ आठवते. मतलई वारा होता, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा. तो कोरडा असतो. सरांच्या कुपीतले दाणे उन्हं वर आली तरी निळे होते. "आज," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. सगळे सांधे मी तपासले, भट्टी पेटली, दुपारच्या आत नळी नारिंगी झाली. कधी नव्हे इतकं सगळं नीट चाललं होतं. आता फक्त सावकाश थंड करायचं होतं. ही वेळ सर्वांत नाजूक. नळी थंड होताना आतला वायू आक्रसतो. वायूचा जोर थोडा जरी कमी पडला तरी बादलीतलं पाणी उलटं नळीत चढतं. म्हणून सर तोटीवर हात ठेवून बसून राहत, जेवणसुद्धा विसरून.

तेवढ्यात मला वास आला.

"सर, अमोनिया."

त्यांचा चेहरा उतरला. "कुठला सांधा?"

मी एकेक सांधा हुंगला. कुठंच नाही. पुन्हा हुंगला. मग खिडकीशी गेले आणि नाकात सुई टोचल्यासारखं झालं. "इथला नाही सर. बाहेरून येतोय. खाडीवरून."

सर खिडकीशी आले. पलीकडच्या काठावर, बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीशी, पांढरं धुकं जमिनीला चिकटून पसरत होतं. धुक्याची ती वेळ नव्हती. माणसं पळताना दिसत होती. आरडाओरडा थोड्या वेळानं ऐकू आला.

"सर, भट्टी?" मी विचारलं.

त्यांनी भट्टीकडे पाहिलं. तोटीवरचा हात उचलला. मग म्हणाले, "मला वास येत नाही मॅडम. वायू कुठवर आलाय ते मला कळायचं नाही. तुम्हाला यावं लागेल."

स्कूटरवरून आम्ही पूल ओलांडला. वाटेत मी मागून त्यांच्या कानात ओरडत होते: "थोडा आहे... वाढला... सर, थांबा, डोळ्यांना झोंबतोय!" तिथं त्यांनी स्कूटर टाकली. कारखान्यातून पळून आलेली माणसं आणि मासळी निवडणाऱ्या बायका वाऱ्याच्याच दिशेनं पळत होत्या, म्हणजे वायू त्यांच्या पाठीवरच येत होता. वर्गात ज्यांचा आवाज तिसऱ्या बाकापलीकडे जात नसे, ते सर त्या दिवशी खलाशासारखे गरजले. "तिकडं नाय! आडवे पळा, आडवे! पदर भिजवा, तोंडावर धरा! पाण्यात भिजवा सगळं!"

कारखान्याचा मुकादम खोकत खोकत सांगत होता की एक गडी अजून आत आहे. सरांनी धक्क्याला लागलेल्या लाँचवरच्या तांडेलाला हाक मारली. "पंप चालू कर! डेक धुवायचा पंप! मार पाणी त्या दारावर, जेवढं हाय तेवढं मार! अमोनिया पाण्यात विरघळतो, पाणी त्याला खाऊन टाकेल!"

पाण्याचा जाड फवारा दारावर कोसळू लागला आणि ते पांढरं धुकं आमच्या डोळ्यांदेखत खाली बसू लागलं. भिजवलेली गोणपाटं डोक्यावर घेऊन दोघे आत शिरले आणि त्या गड्याला ओढत घेऊन आले. तो शुद्धीवर नव्हता. सरांनी त्याला चिखलातच आडवं केलं आणि बादल्याच्या बादल्या पाणी त्याच्या डोळ्यांवर, तोंडावर, छातीवर ओतलं. स्वतः नखशिखांत भिजले होते. खिशातली कुपी कुठं पडली त्याचा पत्ता नव्हता. गड्यानं मोठा श्वास घेतला, खोकला, आणि सरांना एक कचकचीत शिवी दिली. सर म्हणाले, "हा वाचला. ह्याला दवाखान्यात न्या."

तोवर कुणीतरी शहाणपणानं सगळ्या भागाची वीज तोडली होती. कारखान्याची, वाडीची, आणि खाडीअलीकडच्या भाट्याचीही.

आम्ही परतलो तेव्हा खोपीत अंधार होता. भट्टी विझलेली. बादली जवळजवळ रिकामी. पाणी नळीत चढलं होतं आणि तापलेली नळी मधोमध तडकली होती. होडीत चिखलासारखं पांढुरकं काहीतरी होतं. सर ते बराच वेळ बघत उभे राहिले. त्यांच्या कपड्यांतून पाणी ठिबकत होतं. भाभी टॉवेल घेऊन दारात आल्या, आत डोकावल्या आणि त्यांचं डोकं पुसू लागल्या. सर लहान मुलासारखे मान खाली घालून उभे राहिले.

पुढं कितीतरी महिने खोपीचं दार उघडलं नाही. कॉलेजात कुणी "सर, आज?" विचारलं की ते नुसतं हसत. कुपीही नवी घेतली नाही. तो गडी बरा होऊन कामावर लागला, अधूनमधून भाट्याला येऊन पापलेट देऊन जाई. गावात सरांचं नाव झालं. पण भाभी मला म्हणाल्या, "गाव चांगला म्हणतोय, ता बरा झाला. पन बाय, ह्यांचा चेहरा बघ. घरातला मानूस गेल्यासारखा."

मी दिवाळीला गावी गेले होते तेव्हा हे सगळं अण्णांना, माझ्या वडिलांना, सांगितलं. ज्वारीच्या शेतापलीकडे ज्यांनी कशात फारसं मन घातलं नाही, ते अण्णा सुपारी कातरत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मग आना की त्येंना हिकडं. हवाच पायजे न्हवं? हवा काय आपन इकत घेतलीया व्हय?"

जानेवारीत सर खरंच आले. जीपमधून भट्टी, नवी नळी, सिलिंडर, चुनकळी, आणि भाभींनी बांधून दिलेलं एक गाठोडं. माळावर उतरल्या उतरल्या ते नुसते उभे राहिले. समोर क्षितिजापर्यंत ज्वारी, वर आभाळ निळं कोरडं ठणठणीत. त्यांनी जिभेनं ओठ चाटले, बोटांनी चाचपले आणि आनंदानं मला म्हणाले, "मॅडम, फुटले! ओठ फुटले!"

आईकडून त्यांनी वाटीभर मीठ मागून घेतलं आणि ते अंगणात उघडं ठेवलं. सकाळी पाहिलं तर ते वाळूसारखं मोकळं. सर पायरीवर बसून ते मीठ या ओंजळीतून त्या ओंजळीत ओतत राहिले. आई आतून बघत होती. मला हळूच म्हणाली, "तुजं सर बरं हायती न्हवं?"

"बरे आहेत आई. खूश आहेत."

आमच्या घरी मासळी शिजत नसे. दोन दिवस सरांनी भाकरी, ठेचा, शेतातला हुरडा सगळं गोडीनं खाल्लं. तिसऱ्या दिवशी दुपारी दिसेनात. शोधत गेले तर बांधावर बसून जनरेटरवाल्याबरोबर भाभींनी गाठोड्यात लपवून दिलेले सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, भाजत होते. मला बघून ओशाळले. जनरेटरवाला लग्नाच्या मांडवात दिवे लावणारा. गावातल्या विजेचा भरवसा नव्हता म्हणून अण्णांनी त्याला ठरवलं होतं. तो म्हणाला, "ताई, आईला सांगू नगा. लई झ्याक लागत्यात."

भट्टी मांडली ज्वारीची पोती ठेवायच्या खोलीत. जाड भिंती, एकच खिडकी. पहाटे सरांनी अण्णांनी अंथरलेल्या घोंगडीवर नमाज पढली आणि काम सुरू केलं. मी सांधे हुंगले. ज्वारीचा आणि मातीचा वास, दुसरा काही नाही. बाहेर जनरेटर धडधडत होता, पोरंटोरं खिडकीला लोंबकळत होती, आणि आत पोत्यांच्या मधोमध ती नळी हळूहळू लाल, मग नारिंगी झाली. दिवस कलला, भट्टी निवत गेली, सरांचा हात तोटीवरून हलला नाही. अण्णा दारात बसून होते. त्यांनी एकदाही विचारलं नाही की हे कशासाठी.

शेवटी सरांनी नळी तिरपी केली. काळी पूड घसरत टोकाच्या काचेच्या कुपीत उतरली. ज्योतीनं त्यांनी कुपीची मान वितळवून ओढली, बंद केली. मी नाक नेलं. आजूबाजूला, वर, खाली.

"नाही सर. काहीच नाही."

सरांनी कुपी खिडकीपाशी उजेडात धरली. काजळासारखी काळी, चिमूटभर.

"येवढंच?" अण्णांनी विचारलं.

"एवढंच अण्णा."

अण्णांनी मान डोलावली. "आमचं बी बी-बियानं येवढंच आसतंय."

भाट्याला परतल्यावर आठ-दहा दिवस कुपी भाभींच्या ओट्यावरच्या फळीवर उभी होती. करडी पडली नाही. भाभी येता-जाता तिच्याकडे बघत आणि म्हणत, "काळी हाय, पन देखणी हाय."

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. भाभीही नाहीत. लोक अजून बर्फाच्या कारखान्याची गोष्ट सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पण मला आठवते ती त्यानंतरची, त्यांच्या मुंबईच्या फेरीची गोष्ट.

कुपी रुमालात गुंडाळून, रुमाल डब्यात आणि डबा छातीशी धरून सर एकटेच मुंबईला गेले. जुने गाईड वारले होते. तिथल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत एका तरुण संशोधकानं अति थंड करून मोजायचं कबूल केलं होतं. मला परीक्षेच्या कामामुळे जाता आलं नाही. ठरल्या दिवशी दुपारच्या गाडीनं ते परत यायचे होते. भाभी रिक्षा घेऊन स्टेशनवर गेल्या. गाडी आली, गेली. सर उतरले नाहीत.

भाभींनी स्टेशनवरूनच मला फोन केला. "बाय, ते आले नाय गो. मुंबयला काय वायट झाला असंल तर? ते मनाला लावून घेतील." मी भाट्याला त्यांच्या घरी जाऊन त्यांच्याजवळ बसले. दोघीही त्या फोनकडे बघत होतो. दोघींच्या मनात एकच होतं: तीस वर्षं ज्याची वाट बघितली, ते खोटं निघालं असेल तर हा माणूस काय करेल?

दिवेलागणीला फोन वाजला. भाभींनी उचलला. "कुठनं बोलताव? ... मडगाव? गोव्यात काय करताव?" मग बराच वेळ ऐकत राहिल्या आणि हळूच फोन ठेवला. मला म्हणाल्या, "झोप लागली म्हनतात."

"आणि मोजणी?"

"ता मी इचारलाच नाय."

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीला आम्ही दोघी स्टेशनवर गेलो. सर उतरले. दाढी विस्कटलेली, शर्टाला सुरकुत्या, गालावर बाकाच्या पट्ट्यांचे वळ.

"खेडला डोळा लागला," ते म्हणाले. "चिपळूण कळलं नाही, रत्नागिरी कळलं नाही. मडगावला झाडूवाल्यानं उठवलं. मग वेटिंग रूममध्ये परत झोपलो. आताही गार्डानं हलवलं म्हणून उतरलो."

"सर," मी म्हटलं, "नमुन्याचं काय झालं?"

"ते?" ते क्षणभर आठवत असल्यासारखे थांबले. "झालं की. चुंबक झालं. त्या मुलानं खाली खाली नेलं, गार, आणखी गार. पडद्यावर रेघ सरळ जात होती, सरळ जात होती, आणि मग उठली. अशी." त्यांनी हात सावकाश वर नेला. "दोनदा करून बघितलं त्यानं. नमुना शुद्ध आहे म्हणाला. विचारलं, कुठल्या लॅबमध्ये केलात? मी म्हटलं, मंगळवेढ्याला, ज्वारीच्या खोलीत. त्याला वाटलं मी थट्टा करतोय."

भाभींनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली. रिक्षात सर मध्ये बसले. स्टेशनच्या उतारावर रिक्षा लागेपर्यंत त्यांची मान भाभींच्या खांद्यावर कलंडली होती. तोंड किंचित उघडं, श्वास संथ.

"लग्नाला अठ्ठावीस वर्षां झाली," भाभी माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "ह्यांना असा झोपलेला मी आज पयल्यांदा बघतंय."

मग पुढं वाकून रिक्षावाल्याच्या खांद्यावर त्यांनी बोट टेकवलं.

"सावकाश घे रे पोरा. खड्डे चुकव."